गॅरेजचे छत आणि झाकली मूठ

गॅरेजच्या छतावरचा डाग हा काय लिहायचा विषय आहे, असे आमच्या नातेवाईकांपैकी दोघा-तिघांना तरी वाटेलच. वाटू दे. गेल्या दोन वर्षांत आमच्या कॉलनीतल्या आठ गॅरेजांच्या छताला पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या लागल्या. पीव्हीसी पॅनल म्हणतात त्यांना. छताला ओल आली, डाग पडला, पोपडे सुटले की माणूस येतो, लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा ठोकतो, त्यात पॅनल सरकवतो आणि दोन दिवसांत छत दुधासारखे पांढरे! शेजारच्याचे बघून पुढचा, त्याचे बघून त्याच्या पुढचा. माझे मत विचाराल (कुणी विचारलेले नाही, पण ब्लॉग असतो कशासाठी?) तर हे साफ चुकीचे आहे. डाग पडलेले छत झाकू नये. गॅरेजचे तर मुळीच नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण आपल्या फार अंगवळणी पडली आहे. लग्न जुळवताना, कर्ज काढताना, घरातली भांडणे चार भिंतींत ठेवताना ती उपयोगी पडत असेल. सिमेंटच्या स्लॅबला ती लागू नाही. झाकलेला स्लॅब सव्वा लाखाचा राहत नाही, उलट पुढे दुरुस्तीला सव्वा लाख लावतो.

आधी गॅरेजबद्दल थोडे. आमची कॉलनी १९८० च्या सुमाराची. तेव्हा गॅरेज म्हटले की डोळ्यासमोर फियाट नाहीतर अँबॅसडर. दहा बाय अठरा फूट, वर स्लॅब, आणि त्या स्लॅबवर पहिल्या मजल्यावरून जायला छोटीशी गच्ची. खरी गाडी फार थोड्यांकडे होती, पण नकाशात गॅरेज दाखवायची हौस सगळ्यांना. मग त्यात स्कूटर आली, जुना पलंग आला, पाण्याचे पिंप, गणपतीचे मखर, मुलांच्या मोडक्या सायकली. आता गाड्या आल्या त्या एवढ्या रुंद की दार उघडत नाही म्हणून रस्त्यावर उभ्या राहतात, आणि गॅरेजमध्ये माणसे बसतात. आमच्या एका गल्लीतच एक शिवणकाम, एक पोळी-भाजी केंद्र आणि दोन शिकवण्या आहेत. चाळीस वर्षे ज्या छताकडे कुणी मान वर करून पाहिले नव्हते ते एकदम सगळ्यांना दिसायला लागले. दिसायला लागले, म्हणून ते झाकायची घाई झाली.

डाग म्हणजे नुसती घाण नव्हे. तो वाचता येतो. मी शास्त्र शिकवणारी नव्हे, मराठी-इतिहासाची. पण इतके वाचायला शास्त्राची पदवी लागत नाही. चहाचा कप टेबलावर ठेवला की जशी कड उमटते तशी तपकिरी कड छतावर दिसली, तर तिथे पाणी आले आणि वाळले. पाणी पसरत कडेला जाते, तिथे सुकते आणि बरोबर आणलेला मळ तिथेच ठेवून जाते. एकात एक अशा तीन-चार कडा असतील तर पाणी एकदाच आलेले नाही, पुनःपुन्हा येते आहे. काळे ठिपके म्हणजे बुरशी. तिथे ओल कायमची मुक्कामाला आहे. पांढरी भुकटी किंवा लोंबणारे बारीक पांढरे खडे दिसले तर पाणी स्लॅबच्या पोटातून आरपार येत आहे. सिमेंटमधला मोकळा चुना त्यात विरघळतो, खाली हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडली की त्याचा पुन्हा खडा होतो. गुहांच्या छतांना जे लोंबते दगड असतात त्यांची धाकटी भावंडेच ही. आणि सगळ्यात वाईट डाग म्हणजे गंजाच्या रंगाची सरळ रेघ. ती सळईची रेघ. ती दिसली की रंगाऱ्याला नव्हे, इंजिनिअरला बोलवायचे.

सळईचे असे आहे. चांगल्या काँक्रीटमध्ये लोखंड गंजत नाही, कारण काँक्रीट चांगलेच अल्कधर्मी असते. त्याचा पीएच बारा-तेराच्या घरात असतो आणि त्यामुळे सळईवर एक संरक्षक थर धरून राहतो. वर्षानुवर्षे हवा आणि ओल आत शिरत गेली की हा अल्कधर्म उतरत जातो, नऊच्या आसपास येतो आणि तो थर तुटतो. मग पाणी मिळाले की गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो. स्लॅबच्या खालच्या अंगाला सळईखाली काँक्रीट असते जेमतेम अर्धा-पाऊण इंच. ते गंजाला जागा कुठून देणार? आधी सळईच्या रेषेत चीर पडते, मग तिथला भाग फुगतो, बोटाने ठोकला तर बद्द वाजतो आणि एक दिवस ढलपा खाली येतो. हा ढलपा म्हणजे रंगाचा पोपडा नव्हे. दोन-तीन किलोचा असू शकतो आणि नऊ-दहा फुटांवरून येतो.

आता या सगळ्याच्या खाली पॅनल लावले तर काय होते? पाणी थांबते का? नाही. गंज थांबतो का? नाही. थांबते ते फक्त आपले बघणे. उलट पॅनल आणि स्लॅब यांच्यामधल्या चार-सहा इंचांत वारा खेळत नाही, त्यामुळे वाळायला आठ दिवस लागणारी ओल महिनाभर टिकते. दिव्याच्या वायरी तिथूनच गेलेल्या असतात. पाण्याला स्लॅबमधल्या वायरीच्या पाइपसारखी आयती वाट दुसरी नाही, म्हणून तर पुष्कळ घरांत पहिला थेंब पंख्याच्या हुकापाशी पडतो. ढलपे सुटतात ते पॅनलवर साचत राहतात. प्लॅस्टिकची ती पट्टी स्वतःचे वजन पेलण्यासाठी केलेली, वरचे काँक्रीट पेलण्यासाठी नाही.

माझा भाचा इंटिरिअरची कामे करतो, गुणी मुलगा आहे. तो म्हणाला, "अगं मावशी, पॅनल लावून टाक ना, डाग दिसणारच नाही." त्याच्या बरोबरचा कंत्राटदार तर आणखी पुढे गेला. "बाई, पुढची पंधरा वर्षं वर बघायलाच नको!" मी म्हटले, अहो, मला नेमके तेच नको आहे. पंधरा वर्षे वर न बघता काढायची, तर त्या पंधरा वर्षांत वर काय चालले आहे ते मला कोण सांगणार? भाचा हसला. (हे तो वाचणार आहे. हस पुन्हा.)

शाळेतली एक गोष्ट सांगते. मी नोकरी केली त्यांपैकी एका शाळेत कोपऱ्यातल्या वर्गाचे छत दर पावसाळ्यात गळायचे. तपासणीची तारीख आली की दोन दिवस आधी चुन्याची बादली निघायची आणि तो कोपरा पांढराशुभ्र व्हायचा. साहेब येऊन जायचे, शेरा चांगला मिळायचा. पण माझी मात्र पंचाईत व्हायची. कारण त्या डागाची मला एक सोय होती, मुले कुठे बसवायची नाहीत ते त्यावरून कळत असे. डागाच्या कडेपासून दोन हात सोडून मी बाक लावत असे. चुना मारल्यावर मला ती जागा पाठ होती म्हणून बरे. माझ्या रजेत जी बदली शिक्षिका यायची तिला काय ठाऊक? ती बिचारी ऐसपैस बाक मांडायची. सुदैवाने तिथे कधी काही पडले नाही. पण चुना मारून छत सुरक्षित झाले होते असे त्यावरून कुणी म्हणू नये.

खरी गंमत अशी की खाली डाग दिसतो तेव्हा दुखणे असते वर. आणि आपण औषध लावतो खाली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! गॅरेजवरच्या गच्चीवर जाऊन पाहावे तर पाणी जायच्या तोंडाशी पानांचा लगदा, त्याच्यावर कुंड्यांची रांग, कुंडीखाली कायमची ओल, कठड्याला पिंपळाचे रोप. कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यात सिमेंटची जी गोलाई करतात, गवंडी तिला वाटा म्हणतात, ती बरोबर त्याच जागी तडकलेली. पाणी मुरते तिथून आणि डाग पडतो पाच फूट लांब, कारण आत शिरलेले पाणी उतार आणि चीर सापडेल तिकडे जाते. त्यामुळे "डागाच्या बरोबर वर तर काहीच नाही" या वाक्याला काही अर्थ नाही.

आपल्याकडे छताची काळजी घेण्याची रीत नव्हती असे नाही. कोकणात मे महिन्यात घर शाकारल्याशिवाय कुणी पावसाला तोंड देत नसे. मंगळुरात १८६५ मध्ये बासेल मिशनच्या कारखान्यात ती सपाट कौले तयार होऊ लागली, पुढे ती आपल्याकडे घरोघर आली; त्याआधी नळीची कौले, गवत, पेंढा. छप्पर कसलेही असो, फुटके कौल खालून दिसायचे, कारण तिथून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडायचा. कवडशाच्या जागी वर माणूस चढायचा आणि कौल बदलायचा. झाकायला काही नव्हतेच. स्लॅब आला आणि आपण समजलो की आता छताचे काम जन्मभरासाठी संपले. ते कधीच संपत नाही, फक्त वर्षाऐवजी दहा-पंधरा वर्षांनी येते.

दुसरी रीत माळवदाची. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे लाकडाच्या तक्तपोशीवर मातीचे धाबे असे आणि पावसाच्या आधी त्यावर आणखी माती पसरत. गळायचे थांबायचे खरे, पण दर वर्षी थर वाढायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा हजारो माणसे गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि अशा जड माळवदांखाली. हे इथे सांगायचे कारण असे, की आज गच्चीवरसुद्धा आपण तेच करतो. जुना कोबा गळतो, म्हणून त्याच्यावरच नवा कोबा. विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा चौरस फुटाला अठरा-वीस किलो भरतो. दहा बाय अठराच्या गच्चीवर हा हिशेब तीन टनांच्या वर जातो. एक थर धरून बांधलेल्या आणि सळई गंजत चाललेल्या स्लॅबवर दुसरा थर! वरून आणखी ओझे, खालून आणखी पडदा. नवे वॉटरप्रूफिंग करायचे तर जुने काढूनच करावे. काढायचा खर्च आणि धूळ नको म्हणून लोक टाळतात, आणि "वरच्या वर करून देतो" म्हणणारा त्यांना बरा वाटतो.

मग करावे काय? पहिले काम फुकटचे आहे. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारायची आणि तारीख लिहायची. एप्रिल-मेमध्ये डाग रेघेबाहेर गेला तर दोष नळाचा किंवा वरच्या मोरीचा. मृग लागल्यावर गेला तर गच्चीचा. नुसती हवेतली ओल बसते आहे की स्लॅबमधून येते आहे, असा संशय असेल तर हातभर चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने छताला घट्ट लावावा. दुसऱ्या दिवशी थेंब कागदाच्या आतल्या बाजूला दिसले तर पाणी स्लॅबचे, खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवेचे. गच्चीवर पाणी जायच्या तोंडाला बोळा घालून दोन इंच पाणी दोन दिवस ठेवून पाहतात, ती परीक्षाही चांगली. पण छताची सळई उघडी पडली असेल किंवा छत झोल खाल्ल्यासारखे दिसत असेल तर हा उद्योग मुळीच करू नये. आधी इंजिनिअर.

पाण्याची वाट बंद झाली की मग खाली यायचे. बद्द वाजणारा सगळा भाग फोडून काढायचा, सळई घासून गंज काढायचा, तिला गंजरोधक लेप द्यायचा आणि पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने तो भाग भरून घ्यायचा. सळई फारच झिजली असेल तर जोड द्यावा लागतो, तो इंजिनिअरने सांगायचा. नुसता गंजावर गिलावा थापणे म्हणजे पिकलेल्या गळवावर पावडर लावणे. आणि त्यानंतर वाट पाहायची. हे कुणालाच आवडत नाही. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा, पेन्सिलीच्या रेघेकडे लक्ष ठेवावे.

रंगाचे म्हणाल तर वाळलेल्या डागावर सरळ डिस्टेंपर मारला की आठ दिवसांत डाग पुन्हा वर येतो, कारण डिस्टेंपरमधल्या पाण्यात तो तपकिरी मळ परत विरघळतो आणि रंगाबरोबर पृष्ठभागावर येतो. रंगारी म्हणतो "ओल आहे", मालक म्हणतो "रंग हलका वापरलास", आणि दोघे भांडतात. त्यावर उपाय म्हणजे मध्ये ऑइलचा किंवा लाखेपासून केलेल्या प्रायमरचा एक हात. हो, तीच लाख, जिच्या बांगड्या होतात. पण हे दिवाणखान्यासाठी. गॅरेजला मी चुनाच सांगेन. चुनकळी पाण्यात विझवून, गाळून, थोडा डिंक आणि किंचित नीळ घालून दोन हात. स्वस्त, त्यातून भिंत श्वास घेते, आणि मुख्य म्हणजे उद्या नवे पाणी आले तर तो लगेच चुगली करतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हे लागू नाही असे नाही. खालच्या पार्किंगच्या छताला पहिल्या मजल्याच्या मोऱ्यांचे पाइप लटकलेले असतात, आणि आजकाल प्रवेशाशी शोभा यावी म्हणून तिथे जिप्समचे छत करून ते पाइप झाकायची टूम निघाली आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचे ३ वर्षांतून एकदा व्हायला हवे. झाकलेल्या छताचे ऑडिट तो इंजिनिअर कसे करणार? आणि गच्चीतून गळून वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचे छत खराब झाले तर ते दुरुस्त करणे संस्थेचे काम आहे, त्या एकट्या माणसाचे नव्हे. तो बिचारा भांडण नको म्हणून स्वतःच्या पैशाने पीओपी करून घेतो आणि संस्थेला गच्चीची आठवण करून देणारा शेवटचा पुरावाही नाहीसा होतो.

कुणाला वाटेल, ही बाई सौंदर्याच्या विरुद्ध आहे. नाही हो. ज्यांचे छत दोन पावसाळे कोरडे आहे त्यांनी खुशाल पॅनल लावावे, नक्षी काढावी, दिव्यांची माळ सोडावी. फक्त एक-दोन पट्ट्या हाताने सरकवून वर बघता येईल अशी सोय ठेवावी. माझा राग आहे तो ओल्या छताखाली पॅनल लावण्यावर, आणि त्यातही भाड्याने द्यायच्या गॅरेजमध्ये. कारण तिथे झाकणारा एक आणि खाली बसणारा दुसरा. मालकाला वर काय आहे ते माहीत असते. शिकवणीला येणाऱ्या पाचवीच्या पोरांना माहीत नसते, त्यांच्या आईवडिलांना नसते, शिकवणाऱ्या मुलीलाही नसते. ती तर "किती स्वच्छ जागा मिळाली" म्हणून दोनशे-पाचशे जास्तच देते. मालक वाईट माणूस असतो असे नाही. त्यालाही कुणीतरी "वर बघायलाच नको" असे सांगितलेले असते.

आमच्याच गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या गॅरेजला यंदा पावसाळ्याच्या तोंडावर पॅनल लागले. पंधरा ऑगस्टच्या सुमाराला त्या मला म्हणाल्या, "बाई, वर काहीतरी पडल्याचा आवाज येतो हो. उंदीर असेल का?" मी त्यांच्या मशीनपाशी अर्धा तास बसले. आवाज आला. उंदराचा नव्हता. त्यांचे मशीन भिंतीकडे, कठड्याच्या विरुद्ध बाजूला सरकवून घेतले आणि मालकांना जाऊन सांगितले की तेवढी एक पट्टी काढून बघा. ते म्हणाले, दिवाळीनंतर बघू. दिवाळी झाली. काल पुन्हा जाऊन आले, आता म्हणतात माणूस गावाला गेलाय. पॅनल अजून उघडलेला नाही.